मरुभूमीतील केसाळ अळ्यांचे पतंग : त्यांची ओळख व वर्गवारी

पश्चिम राजस्थानात आर्द्रा अथवा पुनर्वसू नक्षत्राचा पहिला चांगला पाऊस झाला म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी घडून येतात. शेतकरी बाजरी, मटकी, मूग, गवार व तीळ यांची पेरणी उरकून घेतो. आणि त्याच ओलीने, जमिनीत नऊ-दहा महिने निपचित पडून राहिलेल्या कोषांतून पांढरे पतंग बाहेर पडू लागतात. या पतंगांच्या अळीस तेथे 'कातरा' असे म्हणतात. गुजरातेतही हेच नाव रूढ आहे. मराठी शेतकऱ्याच्या दृष्टीने हा सुरवंटाचाच एक प्रकार होय. शेतकीच्या पुस्तकांत त्यास 'तांबडी केसाळ अळी' असे म्हटलेले आढळते.

ही कीड इतर कोणत्याही प्रदेशापेक्षा वाळवंटात अधिक घातक ठरते, याचे कारण तेथील पावसात आहे. थरच्या मरुभूमीत वर्षाकाठी पडणारा पाऊस पश्चिमेकडील जैसलमेरच्या बाजूस सुमारे १०० मिलिमीटर, तर अरवलीच्या पायथ्याकडे फार तर ५०० मिलिमीटर इतकाच असतो, व तोही मोजक्या सरींत येऊन जातो. पेरणीची ओल एकदा मिळते. रोपे दोन-चार पानांवर असताना अळ्यांनी शेत खाऊन टाकले, तर दुसऱ्यांदा पेरण्यास बियाणे उसने मिळू शकेल, पण ओल उसनी मिळत नाही. बाजरी गेली तर माणसाचे अन्न जाते आणि तिच्यामागोमाग गुरांची वैरणही जाते. यास्तव पहिल्या पावसानंतरच्या पंधरवड्यात गावाने काय केले, यावर त्या वर्षाचे पीक पुष्कळ अंशी अवलंबून राहते.

परंतु पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमा होणारा प्रत्येक पतंग कातऱ्याचा नसतो. त्या रात्री वाळूतून व झुडपांतून नाना जातींचे पतंग, भुंगे व वाळवीचे पंखवाले किडे उडत येतात. निरुपद्रवी पतंग पाहून गावभर दवंडी पिटली तर लोकांचे श्रम व पैसा वाया जातो, आणि पुढच्या वर्षी खरे संकट आले तरी कोणी घराबाहेर पडत नाही. उलट खऱ्या शत्रूकडे 'पावसाळी पाखरे' म्हणून दुर्लक्ष केले, तर आठवड्याच्या आत शेतात अळ्यांचा सुकाळ होतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यास पतंगांची ओळख हवी ती यासाठी. शास्त्रज्ञांप्रमाणे शेकडो जाती जाणण्याचे त्यास कारण नाही. एका लहानशा गटातील पाच-सहा प्रकार वेगळे करता आले म्हणजे पुरे.

हा गट कोणता?

पिकांवर आढळणारे बहुतेक सुरवंट पतंगांच्या एकाच मोठ्या समूहातील आहेत. अंगावरील ठळक रंगांमुळे व पट्ट्यांमुळे या समूहास इंग्रजीत वाघाचे नाव मिळाले आहे. मराठीत त्यांना 'व्याघ्र-पतंग' म्हणण्यास हरकत नाही. जुन्या ग्रंथांत या समूहास 'आर्क्टिइडी' नावाचे स्वतंत्र कुळ मानलेले असे. सर जॉर्ज हॅम्पसन यांनी हिंदुस्थानातील पतंगांवर जो चार खंडांचा ग्रंथ लिहिला, त्याच्या १८९४ सालच्या दुसऱ्या खंडात या कुळाचे वर्णन आले आहे, व हिंदी कीटकशास्त्रातील पुढच्या अभ्यासाला त्याचा मोठा आधार झाला. अलीकडे आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीवरून पतंगांच्या कुळांची फेरमांडणी झाली असून, आता हा समूह 'इरेबिडी' या विशाल कुळातील 'आर्क्टिइनी' नावाचे उपकुळ गणला जातो. नवे पुस्तक व जुनी पत्रिका यांत कुळाचे नाव वेगळे दिसले, तरी कीड तीच आहे हे ध्यानात असू द्यावे.

व्याघ्र-पतंगाचे शरीर जाड व लवदार असते. बसलेला असताना तो पंख छपरासारखे दोन्ही बाजूंस उतरते ठेवतो. त्याचे पोट बहुधा तांबडे, नारिंगी किंवा पिवळे असून त्यावर काळे ठिपके अथवा आडवे पट्टे असतात. पंख मिटलेले असता पोट दिसत नाही, म्हणून पतंग हातात धरून पंख हलकेच बाजूस करून पाहावे. पुष्कळ जातींत नराच्या मिशा फणीसारख्या दातेरी व मादीच्या मिशा बारीक दोऱ्यासारख्या असतात. फुलपाखराच्या मिशांच्या टोकास जशी गाठ असते, तशी येथे नसते.

थरमधील मुख्य शत्रू

कातऱ्याचे शास्त्रीय नाव 'ॲम्सॅक्टा मूरी' असे आहे. पंख पसरले असता पतंगाची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारणतः ४ ते ५ सेंटिमीटर भरते. पुढचे पंख दुधासारखे पांढरे असून त्यांच्या पुढील कडेने लाल रंगाची रेघ गेलेली असते. कुंकवाचे बोट पंखाच्या काठावरून ओढावे तशी ही रेघ दिसते, आणि कंदिलाच्या उजेडातही ती लपत नाही. मागचे पंखही पांढरेच, पण त्यांवर काही काळे ठिपके असतात. डोक्यामागे लाल पट्टी असते, व पोट लाल असून त्यावर काळे पट्टे असतात. पांढरा पंख, त्याची लाल कड, लाल पोट व मागील पंखावर काळे ठिपके या चार खुणा एकत्र दिसल्या म्हणजे पतंग याच गटाचा आहे असे समजून पुढील कामास लागावे.

याच प्रजातीत पूर्वी गणला जाणारा दुसरा पतंग म्हणजे 'लॅक्टिनिया' होय. त्याचेही पंख पांढरे व कड लाल असते. ओलंदाज अभ्यासक पीटर क्रॅमर याने १७७७ साली या जातीचे वर्णन केले. त्यानंतर त्याची प्रजाती इतक्या वेळा बदलली की एकाच किडीविषयी वाचत असूनही वाचकास तीन निरनिराळ्या किडींविषयी वाचल्याचा भास व्हावा. जुन्या पुस्तकांत ती 'एस्टिग्मिनी लॅक्टिनिया', नंतरच्या पुस्तकांत 'ॲम्सॅक्टा लॅक्टिनिया' व आजच्या यादीत 'अलोआ लॅक्टिनिया' या नावांनी येते. मूरी व लॅक्टिनिया हे दोन पतंग शेतावर, दिव्याच्या उजेडात एकमेकांपासून वेगळे करण्याच्या भरीस पडू नये. तो भेद प्रयोगशाळेत, भिंगाखाली करावयाचा आहे. शेतकऱ्यास तेवढ्यासाठी थांबण्याची गरज नाही, कारण लाल कडेचा पांढरा पतंग मोठ्या संख्येने आला असता करावयाची पहिली कामे दोन्ही बाबतींत सारखीच आहेत.

तिसरा भाऊबंद दक्षिणेकडचा. तमिळनाडू, आंध्र व कर्नाटकातील तांबड्या, हलक्या जमिनींत कोरडवाहू भुईमुगावर जी तांबडी केसाळ अळी पडते, ती 'ॲम्सॅक्टा अल्बिस्ट्रायगा' या जातीची असते. या पतंगाचे पुढचे पंख तपकिरी असून त्यांवर फिकट पांढऱ्या रेघा असतात. डोक्याजवळ व पंखाच्या पुढील कडेस, मूरीच्या पतंगात जेथे लाल रंग असतो तेथे, याच्यात बहुधा पिवळा पट्टा असतो. हा पतंग थरच्या वाळवंटातील नव्हे; तथापि त्याचा जीवनक्रम कातऱ्याशी इतका जुळतो की दक्षिणेत सिद्ध झालेले काही उपाय उत्तरेतही विचारात घेण्यासारखे आहेत, म्हणून त्याचा येथे उल्लेख केला आहे.

ज्यांच्यामुळे घोटाळा होतो असे पतंग

मराठी मुलखात केसाळ अळी म्हटली की बहुधा 'बिहारी केसाळ अळी' डोळ्यांसमोर येते. तिचे शास्त्रीय नाव 'स्पायलोसोमा ऑब्लिक्वा'. सोयाबीन, सूर्यफूल, भुईमूग व तीळ यांवर ती येते. हिचा पतंग पांढरा नसून फिकट पिवळट-तपकिरी असतो व पंखांवर बारीक काळे ठिपके विखुरलेले असतात. पोट लालसर असून त्यावरही काळे ठिपके असतात, आणि नेमके हे पोट पाहून पुष्कळजण फसतात. पंखाच्या पुढील कडेस लाल रेघ नाही, एवढ्यावरून निकाल लावता येतो. हा भेद केवळ नावापुरता नाही. कातऱ्याची मुख्य पिढी वर्षातून एक, व तीही पावसाबरोबर येते. बिहारी अळीच्या मात्र वर्षभरात अनेक पिढ्या होतात, आणि पाऊस होऊन दोन महिने उलटले तरी नवी अंडी सापडू शकतात. एकीसाठी पंधरवड्याची मोहीम पुरते, दुसरीसाठी पीक निघेपर्यंत शेतावर नजर ठेवावी लागते.

तिसरा प्रकार तागाच्या शेतकऱ्यास परिचित आहे. पांढऱ्या पंखांवर लाल व काळ्या ठिपक्यांची दाट रांगोळी काढल्यासारखा हा लहान, देखणा पतंग दिवसाही उडताना दिसतो. त्याचे नाव 'युटेथिसा पल्चेला'. आफ्रिका व भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापासून हिंदुस्थानापर्यंतच्या कोरड्या प्रदेशांत तो आढळतो. लिनियसने १७५८ सालीच त्याची नोंद केली होती. त्याची अळी तागाच्या कुळीतील वनस्पती खाते, व घाटे लागल्यावर घाटे पोखरून आतील बीही खाते. या वनस्पतींत असणारे विषारी द्रव्य अळी आपल्या अंगात साठवते व ते पतंगातही उतरते. पक्षी त्यास सहसा तोंड लावीत नाहीत. म्हणूनच असा ठळक पोशाख करून भर दिवसा हिंडणे त्यास परवडते. तागाचे बी धरावयाचे असेल तर या अळीची दखल घ्यावी लागेल, पण बाजरी-मटकीच्या शेतकऱ्याने तिच्यासाठी झोप घालविण्याचे कारण नाही.

अधिक पावसाच्या भागांत, महाराष्ट्रातही, दिव्यावर येणारा आणखी एक व्याघ्र-पतंग म्हणजे 'क्रिएटोनोटस गँजिस'. त्याच्या पुढच्या पंखावर लांबट काळी रेघ असते. नर मादीस आकर्षित करण्यासाठी पोटाच्या टोकातून चार लांब, केसाळ नळ्या बाहेर काढून फुगवितो. हे दृश्य इतके विचित्र दिसते की त्याची छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून गावोगाव फिरतात आणि 'नवी परदेशी कीड आली' अशी आवई उठते. कार्यकर्त्याने अशा वेळी लोकांना शांतपणे समजावून द्यावे.

अंडी व अळी यांवरून ओळख

पतंग सापडला नाही तरी अंड्यांवरून बरेच कळते. कातऱ्याची मादी पानांच्या खालच्या बाजूस अंड्यांचे पुंजके घालते. अंडी खसखशीच्या दाण्यासारखी गोल व पिवळट असून उघडी असतात. एका मादीची एकूण अंडी शेकड्यांनी मोजावी लागतात. पुंजक्यावर तपकिरी केसांचे पांघरूण घातलेले दिसले, तर ती अंडी व्याघ्र-पतंगाची नव्हेत. ती बहुधा तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीची, म्हणजे स्पोडोप्टेराची, किंवा एरंडावर आढळणाऱ्या 'युप्रोक्टिस' जातीची असतात.

अळ्यांबाबत पहिला प्रश्न असा की केस कोठून निघाले आहेत. व्याघ्र-पतंगांच्या अळीच्या प्रत्येक वलयावर लहान उंचवटे असतात व त्या प्रत्येकातून केसांचा झुबका निघतो, त्यामुळे सारे अंग सारखेच केसाळ दिसते. कातऱ्याची पूर्ण वाढलेली अळी ४ ते ५ सेंटिमीटर लांब असते. तिचा रंग तांबूस-पिंगट पासून काळपट-हिरवट पर्यंत बदलतो, म्हणून रंगावर फार भिस्त ठेवू नये. बिहारी अळीचे अंग पिवळसर-नारिंगी असून दोन्ही टोके काळपट असतात. युप्रोक्टिससारख्या अळ्यांच्या पाठीवर, मागच्या टोकाजवळ, मधोमध एकामागे एक असे दोन ठळक, गुंडीसारखे ठिपके असतात. त्या खरे पाहता ग्रंथी आहेत. हे दोन ठिपके दिसले की अळीस उघडा हात लावू नये, कारण त्या अळ्यांच्या केसांनी अंगास खाज सुटते, पुरळ उठते, व केस डोळ्यांत गेल्यास फारच त्रास होतो. कातऱ्याचे केस इतके विखारी नाहीत, तरी लहान मुलांना अळ्या गोळा करण्यास लावू नये, आणि मोठ्यांनीही हातास फडके बांधूनच हे काम करावे.

सुरवंटाच्या केसांमुळे बहुतेक पक्षी त्यास टाळतात. यास मोठा अपवाद कोकीळ कुळातील पक्ष्यांचा. मृगाच्या सुमारास येणारा चातक, तसेच 'पेरते व्हा' म्हणून शेतकऱ्यास हाकारणारा पावशा, हे दोघे केसाळ सुरवंट आवडीने खातात. पावसाच्या थेंबासाठी तहानलेला म्हणून कवींनी चातकास प्रसिद्धी दिली; शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याच्या भुकेचे महत्त्व अधिक आहे.

वर्गवारीवरून ठरणारी कामे

कातऱ्याचा कालक्रम थोडक्यात असा आहे. पहिला भरपूर पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवसांत पतंग निघतात. निघाल्यावर लवकरच अंडी घालणे सुरू होते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. नवजात अळ्या काही दिवस त्याच पानावर घोळक्याने राहून पानाचा हिरवा भाग खरवडून खातात, व पान कागदी जाळीसारखे दिसू लागते. त्यानंतर त्या पांगतात आणि मोठ्या झाल्यावर एका शेतातून दुसऱ्या शेतात टोळीने चालून जातात. अळीची अवस्था सुमारे तीन आठवडे टिकते. पुढे ती जमिनीत शिरून कोषात जाते, ती बहुतांशी पुढच्या पावसापर्यंत. यावरून कोणते काम केव्हा करावयाचे हे सहज लक्षात येईल.

पतंगांच्या रात्री दिव्याचे सापळे किंवा शेकोट्या उपयोगी पडतात. दिव्याखाली पसरट भांड्यात पाणी ठेवून त्यात थोडे रॉकेल टाकले म्हणजे पडलेले पतंग मरतात. दिवा कोठे ठेवावा, याबाबत मात्र पुष्कळदा चूक होते. रोपांच्या मधोमध ठेवलेल्या दिव्याकडे आलेल्या सर्वच माद्या पाण्यात पडत नाहीत; उरलेल्या आजूबाजूच्या रोपांवर अंडी घालून मोकळ्या होतात. दिवा पडीक जागी, रस्त्यालगत अथवा रुंद बांधावर ठेवावा, व दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या सभोवारची झाडे, तण व रोपे पाने उलटून तपासावीत. एका शेतकऱ्याने एकट्याने दिवा लावल्यास शेजाऱ्यांचे पतंग त्याच्याच शेताकडे येतात, हेही खरे आहे. म्हणून हे काम सर्व शिवाराने एका रात्री सुरू करावे. सापळ्यात उपयुक्त कीटकही मरतात. तेव्हा कातऱ्याचे पतंग येण्याचे थांबताच दिवे बंद करावेत.

सापळ्यातील पतंग नुसते फेकून देऊ नयेत. त्यांपैकी वीस-पंचवीस निवडून नर व माद्या वेगळ्या कराव्यात. जाड पोटाची मादी हलकेच दाबल्यास पिवळी अंडी बाहेर येतात. अशा भरल्या पोटाच्या माद्या पुष्कळ असतील, तर पुढील दोन-तीन दिवस अंडी शोधण्याच्या कामास सारे घर लावावे. रिकाम्या पोटाच्या माद्या अधिक असतील, तर अंडी आधीच घातली गेली आहेत असे समजून लगेच पाने पाहण्यास प्रारंभ करावा.

अंड्यांचे पुंजके व घोळक्यातील बाल-अळ्या असलेली पाने खुडून नष्ट करणे हा सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय आहे. या काळात एका पानाबरोबर शेकडो अळ्या जातात. त्या पांगल्यावर तेवढ्याच वेचण्यास कित्येक दिवस पुरत नाहीत. भुईमुगाच्या प्रदेशात मुख्य पिकाभोवती चवळी किंवा एरंड यांच्या ओळी लावतात. पतंग व अळ्या त्यांकडे आकर्षित होतात, व शोध घेण्याचे काम तेवढ्या ओळींपुरते सोपे होते. बांधावर मोगली एरंडाचे डहाळे टाकून त्यांखाली जमलेल्या अळ्या सकाळी मारण्याची पद्धतही दक्षिणेत आहे.

मोठ्या अळ्या पडीक जमिनीतून पिकाकडे निघाल्या असता वाटेवर सुमारे ३० सेंटिमीटर खोल चर खणावा. पिकाच्या बाजूची भिंत उभी व गुळगुळीत ठेवावी, म्हणजे पडलेल्या अळीस चढता येत नाही. वाळूच्या जमिनीत भिंत वारंवार ढासळते. ती सकाळ-संध्याकाळ नीट करणारे माणूस नसेल तर चर खणणे व न खणणे सारखेच.

कोषांविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. उन्हाळ्यात खोल नांगरट करून कोष उघडे पाडावेत, असा सल्ला सर्वत्र दिला जातो, व भारी जमिनीत तो योग्यही आहे. परंतु थरच्या वाळूत वैशाख-ज्येष्ठात जमीन मोकळी केली म्हणजे वाऱ्याने वरचा थर उडून जातो. जोधपूर येथे १९५९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने वाऱ्याची धूप थांबविण्यासाठी व वाळूच्या टेकड्या स्थिर करण्यासाठी जे काम केले आहे, त्याच्या हे अगदी विरुद्ध जाते. अशा ठिकाणी सबंध शेत न उलथता कोष जेथे दाटीने सापडतात तेवढीच जागा खणावी. बांधाच्या कडा, कुंपणाच्या बुडाची माती, व सौंदडीच्या, म्हणजे तेथील खेजडीच्या, सावलीतील मऊ वाळू या जागा अळीस कोषात जाण्यासाठी आवडतात.

औषधांसंबंधी जुन्या पत्रिका वाचताना विशेष काळजी घ्यावी. केसाळ अळ्यांवर पूर्वी बी. एच. सी. भुकटी व नंतर मिथिल पॅराथिऑन भुकटी सर्रास धुरळीत असत. त्यांपैकी पहिलीवर भारतात १९९७ साली, व दुसरीवर २०१८ साली बंदी आलेली आहे. घरात जुना साठा असला तरी तो वापरू नये, व दुकानदाराने आग्रह केला तरी घेऊ नये. आज वापरावयाचे औषध त्या पिकासाठी व त्या किडीसाठी लेबलावर नमूद आहे की नाही, हे पाहून व कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेऊनच घ्यावे. कोणतेही औषध अळ्या लहान व घोळक्यात असतानाच घोळक्यांपुरते मारल्यास उपयोगी पडते. केस वाढलेल्या मोठ्या अळीवर फवारणी करणे म्हणजे बव्हंशी पैसा वाऱ्यावर सोडणे होय.

निसर्गातही या अळ्यांना रोग होतात. मूरीच्या अळीत सापडलेल्या, देवीच्या विषाणूच्या दूरच्या नात्यातील एका विषाणूचे वर्णन १९६८ साली प्रसिद्ध झाले, व २००० साली त्याची संपूर्ण आनुवंशिक रचना वाचण्यात आली. कातऱ्याचे नाव जगातील प्रयोगशाळांत पोहोचले ते या विषाणूमुळे. शेतकऱ्यास त्याचा प्रत्यक्ष उपयोग एवढाच की झाडाच्या शेंड्यावर काळवंडून लोंबकळणाऱ्या मेलेल्या अळ्या दिसल्यास त्या गोळा करून जाळू नयेत. रोगाचा प्रसार त्यांच्यापासूनच व्हावयाचा असतो.

नमुने पाठविण्याची रीत

महाराष्ट्रात, विशेषतः गुजरात व मध्य प्रदेशाच्या सीमेलगतच्या नंदुरबार-धुळ्याकडील कोरडवाहू भागात, लाल कडेचे पांढरे पतंग दिव्यावर मोठ्या संख्येने आढळल्यास जात निश्चित करून घेणे इष्ट आहे. पतंग स्पिरिटमध्ये बुडवू नये; पंखांवरील खवले व रंग जातात आणि नमुना निरुपयोगी होतो. मेलेला पतंग पंख पाठीवर जुळवून त्रिकोणी घडीच्या कागदात ठेवावा व ती घडी कडक डबीत, कापसात घालावी. अळी मात्र याच्या उलट: ती कढत पाण्यात मिनिटभर बुडवून मग ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत ठेवावी. शक्य असल्यास त्याच घोळक्यातील चार-दोन अळ्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत, त्याच झाडाची ताजी पाने घालून वाढवाव्यात, कारण अळीवरून जी शंका राहते ती तिच्यापासून निघालेल्या पतंगावरून फिटते. भ्रमणध्वनीने छायाचित्र घ्यावयाचे झाल्यास पतंगाशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे, व एक चित्र मिटलेल्या पंखांचे आणि एक मागचा पंख व पोट दिसेल असे घ्यावे.

नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, नमुना दिव्यावर मिळाला की कोणत्या झाडावर, आणि त्यापूर्वीचा पाऊस किती दिवसांमागे झाला, हे पेन्सिलीने लिहावे. शाई स्पिरिटमध्ये विरघळते. नमुने जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे, अथवा राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांच्या कीटकशास्त्र विभागाकडे द्यावेत. राजस्थानातील शेतकऱ्यांसाठी जोधपूर व बिकानेर येथे कृषी विद्यापीठे आहेत. उत्तर येण्यास काही दिवस लागतील. तोवर पाने उलटून अंडी पाहण्याचे काम थांबवू नये.